वहिनीने चिठ्ठी काढायची

येहेझकेल भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मुंबईत आमच्या बेने इस्राएल लोकांच्या कीर्तनांत पेटी वाजवायचे. बासष्ट साली इस्राएलात, किर्यात मलाखी गावी आलो, तर सरकारने त्यांना माळावर दगड वेचायला पाठवलं. सहा महिन्यांत बोटं अशी झाली की शर्टाचं बटण त्सिलाने, म्हणजे माझ्या जावेने, लावून द्यायचं.

तरी संध्याकाळी पेटी काढायचेच. एकाच गाण्याचा रियाज त्यांना मान्य नव्हता. "वहिनी, बोटांना सवय लागली की कान झोपतात," म्हणायचे. चहाच्या दोन डब्यांत चिठ्ठ्या ठेवलेल्या, एकात गाणी, दुसऱ्यात पट्ट्या. मी एकेक काढायची. दोन यत्ता शिकलेली मी, अक्षर लावत वाचायची, "का-ळी पा-च." त्यांनी सुरुवात केली की मी गायचं, आणि मनाला येईल तिथे सूर चढवायचा. त्यांनी मागून यायचं.

"तुमच्याहून कठीण कीर्तनकार अख्ख्या मुंबईत नव्हता," ते म्हणायचे.

त्सिला आतून ओरडायची, "लॉटरी काढून झाली असेल तर जेवायला या!"

मग बातमी आली की मोआदोनमध्ये, म्हणजे गावच्या क्लबात, मुलांच्या गाण्यांना साथ करायला माणूस पाहिजे. चान्स मिळाला असता तर दगड सुटले असते. भाऊजींनी दाढी केली, मुंबईचा कोट घातला. मी सोबत गेले, कारण माझी नात लेआ त्याच मुलांत गायची.

रोनित नावाची बाई मुलांना शिकवायची. तिने खूण केली, मुलं गायला लागली. मुलंच ती, दुसऱ्या कडव्याला सूर वर चढला. भाऊजींची बोटं अलगद वरच्या पट्टीवर गेली. तिसऱ्याला आणखी चढला, तेही चढले. एकाही पोराला कळलं नाही की आपण घसरलो. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

रोनित हिब्रूत काहीतरी बोलली. लेआने खाली बघत सांगितलं, "ती म्हणते, मुलं चुकली तर तुम्ही पण चुकलात. तुम्ही एका जागी राहायला पाहिजे होतं."

भाऊजींना कळेना. आमच्यात गाणाऱ्याला उघडं पाडत नाहीत. तो जिथे जाईल तिथे पेटी जाते, पेटीवाल्याची सगळी अब्रू त्यातच. पण हे हिब्रूत कोण सांगणार? जागा एका अकॉर्डियनवाल्याला मिळाली. माणूस वाईट नव्हता, पण ठोकळ्यासारखा वाजवायचा.

परतताना भाऊजींनी विचारलं, "वहिनी, खरं सांगा. मी चुकलो का?"

मला वाटलं, इथलं शिकले तर पुढच्या वेळी तरी जागा मिळेल. मी म्हटलं, "हो भाऊजी, चुकलात."

हे माझं बोलणं मला आजही गिळता येत नाही.

त्यांनी ऐकलं. डबे त्सिलाला मीठ-हळद ठेवायला दिले. रोज एकच गाणं, एकच पट्टी. मला गायला बोलावणं बंद. वर्षभर भिंतीपलीकडून तेच ते यायचं, दळण दळल्यासारखं. भाऊजी पुन्हा मोआदोनमध्ये विचारायला गेले, तर रोनितने दारातूनच हात हलवला. माणूस आहे म्हणे आमच्याकडे.

चौसष्टच्या हिवाळ्यात लोद गावाहून रूबेनभाऊ कीर्तन करायला आले. योसेफाची कथा होती. ते भाऊजींना मुंबईपासून ओळखायचे, म्हणाले, "येहेझकेल असल्यावर मला घोर नाही."

योसेफाला त्याचे सख्खे भाऊ विकतात, तिथे रूबेनभाऊंचा गळा भरून आला आणि सूर वर गेला. पेटी होती तिथेच राहिली. पुढची दोन वाक्यं गाणं एकीकडे, पेटी एकीकडे. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या बाकावरची तरुण पोरं हसली. रूबेनभाऊ थांबले, वळून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काय रे, बरं नाही वाटत का?"

भाऊजींनी मान हलवली. भाता बंद केला. उरलेलं कीर्तन रूबेनभाऊंनी पेटीशिवाय केलं, आणि भाऊजी मांडीवर हात ठेवून तिथेच सगळ्यांसमोर बसून राहिले.