फ्रेंचबाईंची घंटी

फ्रेंचबाई मुळात शिक्षिका नव्हत्याच. अर्धं आयुष्य त्यांनी मालवाहतुकीच्या एका कचेरीत दोन भाषांतली पत्रं टाइप करण्यात घालवलं. इंग्रजी नि फ्रेंच म्हणजे एका घरात नांदलेल्या जावा, निम्मी भांडीकुंडी दोघींच्यात सारखीच, हे त्यांना तिथंच उमगलं. पुढं कचेरी बंद पडली आणि प्राथमिक शाळेनं त्यांना तिसरीचा फ्रेंचचा तास दिला. शाळेचे हे उपकार बाई उठताबसता बोलून दाखवायच्या. ऐकणारा कंटाळायचा, त्या नाही.

त्यांची रीत सरळ होती. टेबलावर पितळी घंटी. पोरांनी येईल तो इंग्रजी शब्द बोलायचा. तो फ्रेंचमध्येही असला तर बाई घंटी वाजवत नि फ्रेंच वळणानं म्हणून दाखवत. ऑरेंजचं ओरांज, टेबलाचं ताब्ल. नसला तर हाताची घडी घालून गप्प बसत. त्यामुळं पोरं पहिल्याच आठवड्यात अख्खी भाषा खिशात घातल्यागत छाती काढून फिरू लागली.

पालकांना हा पोरखेळ वाटला. सगळ्यात पुढं गॅरेजवाला. इंग्रजीचीच बोंब, त्यात ही सवत कशाला, असं तो मोठ्या बाईंना सुनावून आला. मोठ्या बाईंनी ठरवलं, शनिवारी पालकांनी तासाला बसावं. नको म्हणाले तर तास गणिताला. आणि तास गेला की फ्रेंचबाईही घरी.

नेमका शनिवारीच बाईंचा घसा बसला. गरम पाणी पिऊन पिऊन पोटाची घागर झाली, पण आवाज फुटेना. त्या अंथरुणात तोंड लपवून बसल्या, तशी नणंद करवादली, "वहिनी, तोंड बंद पडलंय, हात नाही. उठा."

वर्गात बाई घंटीपाशी जाऊन नुसत्या बसल्या. पोरं गांगरली. मागं पालकांची कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात गॅरेजवाल्याची लेक उठून बापापुढं उभी राहिली.

"बाबा, तुमच्या कामातलं काहीतरी सांगा."

"स्पॅनर."

बाईंनी हाताची घडी घातली. गॅरेजवाल्यानं शेजाऱ्याकडं बघून भुवया उडवल्या.

"दुसरं सांगा," लेक हटेना.

"पिस्टन."

घंटी वाजली. बाईंनी आवाजाविना ओठ हलवले, ते वाचत पोरगी नाकातून "पिस्तों" म्हणाली. गॅरेज, घंटी. चासी, घंटी. बाप पुढं सरकून बसला. जन्मभर जे शब्द ग्रीसच्या हातांनी वापरले, ते परक्या मुलखातही चालतात हे त्याला आजच कळत होतं. मग बाकीची पोरंही आपापल्या आईबापांना धरून बसली आणि बाईंचा हात घंटी वाजवून भरून आला.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी विचारलं, काय करायचं?

"ठेवा की," गॅरेजवाला म्हणाला. "माझा कार्ब्युरेटर अजून राहिलाय."

एरवी फ्रेंचबाईंनी आभाराचं भाषणच ठोकलं असतं. त्या दिवशी त्यांनी पोरीचे दोन्ही हात घट्ट धरले, ते सोडवेनात.

पोरगी अवघडून म्हणाली, "बाई, जाऊ द्या ना. बाबा पुढं गेले."