न उचललेला भंडारा

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. दोस्तांना नाही, आणि देवळात एकटा उभा असताना देवालाही नाही — तिथं मी दुसरंच काहीतरी पुटपुटतो आणि परत येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. पुष्कळदा करून बघितलंय.

सोलापुरात मी एका दवाखान्याच्या दारावर सिक्युरिटी म्हणून उभा असतो. आधी सैन्यात होतो. इथले रिक्षावाले, मेडिकलवाले, सगळे मला फौजी म्हणतात. कुणी नवीन माणूस आला की कॅन्टीनवाला माझी ओळख करून देतो — ह्यांच्या पायात प्लेट आहे बरं का, तरी परत सैन्यात जायला निघाले होते, वरूनच सूट मिळाली नाही. मग तो नवा माणूस माझ्याकडं एका वेगळ्या नजरेनं बघतो. ती नजर मी घेतो. दर वेळी घेतो — नको म्हणालोय कधी?

खरं काय ते सांगायचं तर आधी आक्काबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो म्हणे. मला आई आठवत नाही, आक्काची कंबर आठवते. आमचं गाव सांगोल्याकडचं, घर मेंढरांचं. मला कडेवर घेऊन ती मेंढरांमागं हिंडायची. लग्नही तिनं गावातच केलं, मला सोडून लांब जाणार नाही म्हणून अडून बसली होती. मी भरती झालो तेव्हा गावभर पेढे तिनंच वाटले, आणि रडायला मात्र मेंढरांत जाऊन बसली. माझ्यासमोर रडली नाही.

मग अपघात झाला. गोळी नाही, शत्रू नाही, काही नाही. डोंगरातला रस्ता होता, बर्फ वितळून चिखल झालेला, आमची गाडी घसरली आणि खाली गेली. माझं गुडघ्याखालचं हाड मोडलं. शेजारी ड्रायव्हर होता, पंजाबकडचा, माझ्याच वयाचा, सदा काहीतरी गुणगुणणारा. तो गाडीखाली दबला होता. बराच वेळ तो मला हाका मारत होता — नाव घेऊन. मला हलता येत नव्हतं. मग हाका थांबल्या. हे मी निमित्त म्हणून सांगत नाही. घडलं ते सांगतोय.

पायात प्लेट घातली, अनफिट ठरवलं आणि घरी पाठवलं. घरी आल्या आल्या मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? मी परत जाणार! आतून मी किती घाबरलोय ते कुणाला दिसू नये म्हणून बोललो, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मला ते खरंच वाटलं होतं. प्लेटवाल्याला सहसा परत घेत नाहीत, पण फेरतपासणी होते, डॉक्टरांनी शिफारस केली तर खास सूट मिळते — हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो. युनिटच्या साहेबांनीही माझ्यासाठी शब्द टाकला. मी पहाटे उठून कॅनॉलच्या कडेनं धावायला लागलो. पाय सुधारत गेला. लोक थांबून बघायचे, पोराबाळांना दाखवायचे.

आणि आक्कानं मला न विचारता बिरोबाला नवस बोलला. भाऊ परत वर्दी घालून जाईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं सोसलाय त्याला वेगळं सांगायला नको. दुपारी मातीवर पाय ठेववत नाही, आणि वेड्या बाभळीचा काटा चपलेच्या तळातूनसुद्धा वर येतो. ती तशीच मेंढरं घेऊन जायची. संध्याकाळी दाजी, म्हणजे तिचा नवरा, सुई घेऊन तिच्या पायातले काटे काढत बसायचे. तिचं लक्ष मात्र माझ्याकडं असायचं. आज किती पळलास, असं विचारायची.

फेरतपासणी पुण्याला झाली. निघताना आक्कानं हातावर दही घातलं. तिथले डॉक्टरसाहेब वयानं मोठे, शांत स्वभावाचे. उठाबशा काढायला लावल्या, जिना चढायला लावला, पळायला लावलं. मी सगळं केलं. एक्स-रे उजेडाला धरून ते म्हणाले, हाड छान जुळलंय. मग लिहायला पेन उचललं आणि लिहिता लिहिता विचारल्यासारखं विचारलं, "दर्द होता है?"

दुखत नव्हतं. अजिबात दुखत नव्हतं. नाही म्हणालो असतो तर सूट मिळत होती, त्यांच्या चेहऱ्यावर ते सरळ दिसत होतं. पण मला काय ऐकू येत होतं सांगू? माझं नाव. त्या डोंगरातल्यासारखं.

"होता है, सर," मी म्हणालो. "बहुत होता है."

त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या प्रयत्नांचं कौतुक केलं. मी मान खाली घातली, त्यांना वाटलं मला वाईट वाटलं.

परतताना एसटीत मला हलकं वाटत होतं. सांगायला लाज वाटते, पण वाटत होतं — हलकं. मोडनिंबला उतरून पुढच्या गाडीची वाट बघत मी चहा घेतला, गरम भजी खाल्ली, आणि तिथंच बाकावर बसून खोटं जुळवलं. प्लेट नडली. सूट द्यायला वरून नकार आला. गावात एसटीतून उतरलो ते लंगडतच. ते लंगडणं तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. आता तर मुद्दाम करावंही लागत नाही.

मला वाटलं होतं, नकार आला म्हटल्यावर आक्का चप्पल घालेल. ती कसली घालते! नवस फिटला न्हाय, एवढंच म्हणाली. मी लग्न केलं, सोलापुरात आलो, दारावरची नोकरी धरली. ती अनवाणीच. पुढं तिला शुगर निघाली, टाचेची भेग भरेनाशी झाली. शेवटी दाजी आम्हा दोघांना घेऊन बिरोबाच्या पुजाऱ्याकडं गेले. म्हातारा समजूतदार होता. म्हणाला, वाटच बंद झाली असंल तर देव कुणाला अडवून धरत न्हाय. ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं भंडारा उचलायचा, आणि माझ्याकडनं मी काय कमी केलं न्हाय, एवढं म्हणायचं. मग बाई मोकळी.

भंडारा उचलणं म्हणजे देवापुढची हळद तळहातावर घेऊन शब्द देणं. आमच्यात कोर्टात खोटं बोलणारी माणसं आहेत. भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस मी अजून ऐकला नाही.

पुजाऱ्यानं हळदीचं ताट पुढं केलं. आक्का शेजारी, एका पायावर भार देऊन उभी. दाजींनी येतानाच तिच्या मापाची नवी चप्पल पिशवीत घालून आणली होती, पिशवीतून तिचा पट्टा दिसत होता. मी हात पुढं केला. आणि मागं घेतला.

दोनच वाटा होत्या ना? खोटं बोलायचं, नाहीतर खरं सांगायचं. मी तिसरी काढली. "मी अजून हार मानली न्हाय," म्हणालो. "परत अर्ज करतो. भंडारा कशाला उचलू?"

आक्काचा चेहरा असा उजळला — तसा तो माझ्या भरतीच्या दिवशीही उजळला नव्हता. पुजाऱ्याकडं वळून म्हणाली, "बघितलं न्हवं का? माझा भाऊ हाय ह्यो."

दाजींनी पिशवीचं तोंड दुमडून घेतलं.

मला देवाची भीती वाटली, बहिणीच्या पायांची वाटली नाही. त्या दिवशी खोटा भंडारा उचलला असता तर निदान तिच्या पायात चप्पल आली असती. पाप लागलं असतं ते मला लागलं असतं. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. अर्जही मी कधी केला नाही. विचारलं की सांगतो, वर गेलाय. माझं वय कधीच उलटून गेलंय, पण तिला ते कोण सांगणार? एकदा हसत हसत तिला विचारलं होतं, दारावरची ही वर्दी चालायची न्हाय का? ती हसली नाही. "ही न्हवं," म्हणाली.

मागच्या उन्हाळ्यात तिला आमच्याच दवाखान्यात आणलं. पायाचं एक बोट काढावं लागलं. त्या दिवशी मी दारावरच होतो, तिचं स्ट्रेचर आत जाताना दार मीच उघडून धरलं. ड्युटी संपल्यावर वॉर्डात गेलो. दाजी चहाला गेले होते. ती पडून होती, पाय बँडेजमध्ये, उशीवर ठेवलेला. मी सवयीनं लंगडत खाटेपर्यंत गेलो आणि उभा राहिलो.

तिला सांगायला याहून बरी वेळ कधी आली होती?

तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायाकडं. हातावर जोर देऊन उठून बसली आणि मला बसायला जागा केली.

"दुखतंय व्हय रं?" तिनं विचारलं.

"दुखतंय, आक्का. लई दुखतंय."

तिनं माझा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि चेपायला लागली. मी तो काढून घेतला नाही.