सिस्टरांचा तक्रारीचा रकाना

माणसाला आजार दोनच, असं आमच्या वसईच्या कॉलेजच्या आरोग्यकेंद्रातल्या सिस्टरांचं ठाम मत होतं. एक, पोटात काही नसल्यामुळे होणारा. आणि दुसरा, पोटात असलेलं कुणाला न सांगितल्यामुळे होणारा. ताप, खोकला, चक्कर ही त्यांच्या लेखी या दोघांची पिलावळ. एवढ्या सिद्धान्तावर त्यांनी कॅम्पसवरची सगळी मुलं धडधाकट ठेवली, आणि तीही अर्ध्या गोळीवर. अख्खी गोळी सिस्टरांनी कुणाला दिल्याचं मी पाहिलं नाही. अर्धी आत्ता, उरलेली काहीतरी खाल्ल्यावर. खायला लांब जावं लागत नसे. औषधांच्या कपाटाच्या खालच्या खणात त्यांच्या उमेळे गावच्या वाडीतली केळी असत, आणि उन्हं तापली की केळी सोलून वाळवलेली सुकेळी. अरनाळ्याचा एक मुलगा यायचा. "सिस्टर, पानी पन उतरत नाय घशातून," असं सांगून तो शांतपणे चार सुकेळी उतरवायचा. सिस्टर मोजायच्या नाहीत, फक्त चष्म्यावरून बघायच्या. उरलेली अर्धी गोळी मागायला तो कधीच आला नाही.

आरोग्यकेंद्र हे नाव मोठं, खोली लहान. लायब्ररीच्या जिन्याखाली एक पलंग, एक वजनकाटा आणि मधे एक हिरवा पडदा. डॉक्टर फक्त बुधवारी येत, सिस्टर रोज. त्यांची नेमणूक कंत्राटी होती. एप्रिलअखेर ती संपायची आणि जूनमध्ये नवी ऑर्डर आली तरच पुढचं वर्ष. त्यामुळे मे महिना सिस्टरांच्या घरी जीव टांगणीला लागलेला, आणि पुढे पुढे आमच्याही. परीक्षेचा निकाल काय लागतो यापेक्षा सिस्टरांची ऑर्डर आली का, हे आम्ही ऑफिसात आधी विचारायचो.

सिस्टर या शब्दाने मात्र त्यांना जन्मभर छळलं. वसईत सिस्टर म्हटलं की आधी कॉन्व्हेंटातली व्रतस्थ सिस्टर डोळ्यांपुढे येते. आमच्या सिस्टर ख्रिस्ती होत्या, पांढरा कोट घालायच्या, गळ्यात क्रूस होता. मग काय विचारता. कॉन्व्हेंटात शिकून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुली त्या दिसल्या की उठून उभ्या राहायच्या आणि सुरात 'गुड मॉर्निंग सिस्टर' म्हणायच्या. एका मुलाची आई विरारहून मुद्दाम येऊन म्हणाली, "सिस्टर, माझ्या पोरासाठी प्रार्थना करा." सिस्टर म्हणाल्या, "करते की. पण त्याला सकाळी न्याहारी देत जा, नाहीतर माझी प्रार्थना अनशापोटी किती चालेल?" अशातच एका संध्याकाळी त्यांचे यजमान स्कूटरवर, पुढे केळ्यांचा घड ठेवून, त्यांना न्यायला गेटवर आले आणि सिस्टर खुशाल मागे बसून गेल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या वर्गात नुसता हाहाकार. एका मुलीने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे फादरना माहीत आहे का?"

पण सिस्टरांची खरी कीर्ती झाली ती त्यांच्या रजिस्टरमुळे. नाव, वर्ग, तक्रार, उपचार, सही असे त्यात रकाने होते. एकदा बोट कापलेला एक नवखा मुलगा आला. 'तक्रार' हा शब्द वाचून त्याला वाटलं, कॉलेज आपली गाऱ्हाणी विचारतंय. त्याने लिहिलं, 'कॅन्टीनचा चहा फार गोड असतो.' दुसरी कुणी असती तर तिने खोडून 'बोट कापले' लिहिलं असतं. सिस्टरांनी शेजारी लिहिलं, 'पट्टी केली. कॅन्टीनला सांगितले.' आणि खरोखरच जाऊन सांगितलं. त्या आठवड्यात चहा सुधारला आणि सिस्टरांचं नशीब बिघडलं. एकाने लिहिलं, 'लायब्ररीतला पंखा कुरकुरतो.' उपचार: 'तेल घातले.' दुसऱ्याने लिहिलं, 'सर नेमका मलाच प्रश्न विचारतात.' उपचार: 'शेवटच्या बाकावर बसू नये.' 'तिने मेसेज वाचला पण रिप्लाय देत नाही' यावर 'दोन दिवस वाट पाहणे, गरम पाणी पिणे' असा सल्ला होता. कुणी लिहिलं, 'रूममेट घोरतो.' सिस्टरांनी रूममेटलाच बोलावलं, तेव्हा त्याच्या नाकाचं हाड वाढलेलं निघालं. बुधवारी डॉक्टर आले की पेशंट बघण्याआधी ते रजिस्टर पेपरासारखं वाचायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, माझ्यापेक्षा तुमची प्रॅक्टिस जोरात आहे."

दुसऱ्या वर्षाला असताना मी तिथे गेले आणि लिहिलं, 'कसंतरी होतंय.' सिस्टरांनी वही माझ्याकडे परत सरकवली. "बाय, कसंतरी म्हणजे कसं? असं अर्धवट नाही चालत. नीट लिही." मी रडकुंडीला आले आणि लिहून टाकलं, 'घरी जावंसं वाटत नाही.' बाबा कामाला होते ती वालीवची फॅक्टरी बंद होऊन पाच महिने झाले होते. ते सकाळी शर्ट-पॅन्ट घालून तयार व्हायचे आणि खिडकीशी बसून राहायचे. आई त्यांच्याशी बोलायला घाबरायची आणि मी घरी जायला. सिस्टरांनी उपचाराच्या रकान्यात लिहिलं, 'वडिलांना पाठवणे.'

बाबा घाबरून आले. त्यांना वाटलं, मलाच काहीतरी झालंय. सिस्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं, दंडाला पट्टा बांधला आणि मला बाहेर काढलं. पडद्याआड पाऊण तास काय बोलणं झालं ते मला आजही माहीत नाही. ब्लडप्रेशर भरपूर निघालं एवढं कळलं. येताना गेटपाशी बाबा म्हणाले, "तुझी सिस्टर भारी बडबडी आहे गं." पाच महिन्यांत त्यांनी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. त्यानंतर दर बुधवारी बाबा प्रेशर दाखवायला यायला लागले. विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात पन्नाशीचा पेशंट कसा, हे सिस्टरांना कुणी विचारलं नाही, कारण वर्गाच्या रकान्यात त्यांनी 'पालक' असं लिहून ठेवलं होतं. पुढे बाबांना कामणच्या एका गोदामात काम मिळालं, तरी ते बुधवारची सुट्टी मागून घेत.

मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना तपासणी समिती येणार असल्याचं कळलं. रजिस्टर पाहून ऑफिसातल्या हेडक्लार्कनी कपाळाला हात लावला. "सिस्टर, हे समितीच्या हातात पडलं तर जूनची ऑर्डर विसरा. नवीन रजिस्टर करा. ताप, सर्दी, डोकेदुखी, एवढंच." माझं अक्षर बरं म्हणून सिस्टरांनी मला बसवलं. आम्ही दोघी एक दुपारभर भाषांतर करत होतो. गोड चहाची सर्दी केली, पंख्याची कानदुखी, प्रश्न विचारणाऱ्या सरांची पोटदुखी. हसून हसून माझी ओळ वाकडी जायची. मग पान उलटलं आणि माझंच नाव आलं. मी म्हटलं, "डोकेदुखी लिहू?" सिस्टरांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "नको. तुझं डोकं दुखत नव्हतं." मग नवं रजिस्टर त्यांनी कपाटात, केळ्यांच्या खणात टाकलं आणि जुनं टेबलावर ठेवलं.

समितीतले एक म्हातारे गृहस्थ ते वाचताना दोनदा मोठ्याने हसले, आणि आम्हाला वाटलं, जिंकलो. पण अहवाल हसून लिहीत नाहीत. 'नोंदी अवैद्यकीय स्वरूपाच्या' असा शेरा आला. जून आला, मी तिथंच एम.ए.ला प्रवेश घेतला, पण सिस्टरांची ऑर्डर आली नाही. कंत्राटी माणसाला निरोपसमारंभ नसतो, त्यामुळे सिस्टर गेल्या हेसुद्धा आम्हाला खोलीला कुलूप दिसलं तेव्हा कळलं.

मी घरी येऊन सांगितलं. बाबांनी शर्ट चढवला आणि म्हणाले, "चल." विचारत विचारत आम्ही उमेळ्याला पोचलो. चहूकडे इमारती उठलेल्या आणि मधे त्यांची केळीची वाडी. सिस्टर पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. पांढऱ्या कोटाशिवाय त्या मला एकदम लहानखुऱ्या दिसल्या. आम्हाला बघून त्यांनी आधी काय खाल्लंत ते विचारलं. मग मलाच समजावू लागल्या, "रडायचं काय त्यात? नवीन सिस्टर येईल, शिकलेली असेल. तिला छळू नका. फक्त खरं सांगत जा, म्हणजे तिला इलाज सापडेल. पोरांचं काही अडत नाही."

बाबा इतका वेळ हातातला पाण्याचा पेला फिरवत होते. ते म्हणाले, "पोरांचं होईल हो काहीतरी. मी कुठं जाऊ, सिस्टर?"

सिस्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आतून पट्टा आणला, बाबांची बाही वर सरकवली आणि म्हणाल्या, "इथं यायचं, भाऊ. वाट आता माहीत झालीय ना?"

बाबा अजून जातात, दर बुधवारी. प्रेशर आता ठीक असतं, तरी दोन तास लागतात. कॉलेजातल्या त्या खोलीत नव्या सिस्टर आल्या आहेत. चांगल्या आहेत, विचारलं तर अख्खी गोळी देतात. पण जिन्यावर फोनमध्ये डोकं घालून एकटंच बसलेलं एखादं पोर दिसलं की मला फार वाईट वाटतं. त्याला उमेळ्याची वाट कोण सांगणार?