भालेराव सर विनोदी मालिका काढायचे तेव्हा

विनोदी मालिका काढणाऱ्यांकडे लिहिलेल्या विनोदांपेक्षा न लिहिलेलेच जास्त साठतात. नव्वदच्या दशकात भालेराव सर नाशिकच्या लोकल केबलवर दर रविवारी मालिका दाखवायचे. निर्माते, लेखक, दिग्दर्शक, सगळं तेच. कॅमेरा माझ्याकडे. आजही भेटलो की निम्मी संध्याकाळ यातच जाते!

*

आमचा हिरो गांगुर्डे. सातपूरला कंपनीत फिटर, सुट्टीला नट. एकदा त्याला मॅनेजरचा रोल दिला, शूटिंग त्याच्याच कंपनीच्या गेटवर. कोट चढवून गडी डायलॉग घोकत होता, "उद्यापासून कामावर येऊ नका!"

मागे खरे मॅनेजर उभे. म्हणाले, "गांगुर्डे, एवढ्या मऊ आवाजात मी कधी बोलतो का?"

*

हरसूलच्या बाजारात सीन होता. गांगुर्डे बायकोशी, म्हणजे आमच्या सुनंदाताईंशी, वांग्यांवरून भांडतो. कॅमेरा आडोशाला. भाजी विकणाऱ्या एका आजीने उठून त्याचा हातच धरला. "चारचौघांत बायकोला असं बोलतोस? लाज नाय वाटत?"

"आजी, हे सगळं खोटं हाय!"

"खोटं बोलतोस ते दिसतंयच!"

सरांनी कट म्हटलंच नाही. तसंच दाखवलं!

*

एका मालिकेचा शेवटचा भाग रंगात आला आणि नाशिकरोडची लाइट गेली. वीज तयार होते शेजारी एकलहऱ्याला, अंधार आमच्याकडे! सरांच्या घरी फोनवर फोन, "शेवट काय झाला?" सर प्रत्येकाला सांगत बसले. सांगता सांगता शेवट सुधारतही गेले.

दुसऱ्या दिवशी पानटपरीवर दोघं भांडत होते. एक म्हणे लग्न झालं, दुसरा म्हणे मोडलं. सर पहिल्याकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे. यांचा फोन आधी लागला होता."

*

पुढे दोन हजारनंतर मुंबईच्या एका चॅनेलला आमची एक मालिका आवडली, त्यांनी सरांना बोलावलं. सरांनी नवा शर्ट शिवला. ती मालिका तिथे छान चालली, सरांचं बस्तान बसलं. पण मला आठवते ती पहिली भेट, मीही सोबत होतो.

चॅनेलच्या साहेबांनी आमच्याच मालिकेचा एक भाग लावला. मधेमधे रेकॉर्ड केलेलं हसू भरलेलं. "बघा सर, आता कसं जिवंत वाटतंय!"

सर मान डोलवत बघत होते. मग सुनंदाताईंचा सीन आला. यात त्या घरमालकीण. नवरा जाऊन महिना झालेला. सवयीने दोन कप चहा गाळतात आणि दुसरा कप हातात धरून तशाच उभ्या राहतात.

खोखो हसू!

सरांनी विचारलं, "हे कोण हसलं?"

"कोणी नाही सर, मशीन आहे."

"मग त्या मशीनला सांगा," सर म्हणाले, "बाईंचा नवरा गेलाय."