शेळगावच्या चढावरचे दिवे

परवा घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी उकळली आणि सडक्या अंड्यासारखा वास घरभर पसरला. तो वास मला थेट त्या दिवसांतल्या दारापुढच्या ओट्यावर घेऊन गेला.

नव्वदीतल्या एका हंगामात आमच्या ट्रॅक्टरला असाच वास यायचा. हे कारखान्याला ऊस वाहायचे. दिवस मावळला की मी शेळगावच्या चढाकडे बघत बसायचे. चढाला यांनी रेस दिली की आमचे दिवे पांढरेफक्क पेटायचे, रेस सोडली की पिवळे पडायचे. ते दिसले की मी तवा ठेवायचे.

"उजेड लई झकास पडतोय," मी एकदा म्हणाले.

हे हसले. "झकास कसला! रेग्युलेटर गेलाय. इंजिन जोरात पळालं की अल्टरनेटर जास्त करंट काढतोय. त्याला आवरायचं काम रेग्युलेटरचं. त्यो आवरंना, म्हणून बॅटरी उकळती, बल्ब उडत्यात."

मग इंदापुरातून नवा रेग्युलेटर बसवून आणला. त्या संध्याकाळी चढावर ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर आले, सगळ्यांचे दिवे सारखे. हे दारात उभे राहिले तेव्हा चूल थंड होती.

"कशाला नीट केला?" मी चिडून म्हणाले. "तुमी कुठं हाय, मला कसं कळायचं?"

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. चढावर अजून ट्रॅक्टर येतात, सगळ्यांचे दिवे सारखेच. बरंच आहे ते. दारावरून पुढे निघून जाईपर्यंत प्रत्येक ट्रॅक्टर आमचाच असतो.