गेसारेच्या हातची चिन्सागा

गुसी टेकड्यांवर बाळंतीण कुणाच्याही घरची असो, मडकं यायचं ते गेसारेच्या चुलीवरून. जुन्या गोठ्याच्या जागी, शेण कुजलेल्या मातीत ती चिन्सागा ही कडू पालेभाजी लावायची. पाला भरपूर उकळून कडू पाणी ओतायचं, मग दूध घालून मडक्यात मुरवायचं आणि पुन्हापुन्हा तापवायचं. जितकी मुरेल तितकी गुणाची. माझ्या बाळंतपणात मीही ती खाल्ली आहे. अंगात रक्त भरतं, हे दवाखान्यातली नर्सही मानायची.

तिची सून बोचाबेरी माझी विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यात मोठ्यानं हसणारी. पहाटे तिला मुलगी झाली. मी भेटायला गेले तेव्हा ती सासूला म्हणत होती, "आई, तुमची भाजी गिळण्यापेक्षा बाळंतपण सोपं." गेसारे हसली. पण अंथरूण रक्तानं भिजतच होतं.

मी म्हटलं, चहाचा पाला नेणारी गाडी खाली सडकेवर उभी आहे, हिला दवाखान्यात नेऊ. गेसारेनं माझा हात धरला. "बाई, जातंय ते जुनं रक्त. नवं मी भरते." मडकं त्याच दिवशी लावलेलं, भाजी मुरली नव्हती. एवढ्यात दिली तर गुण येणार नाही म्हणून तिनं ती पुन्हा चुलीवर चढवली. मी परत सांगितलं. ती म्हणाली, दोन घास पोटात जाऊ देत, मग निघू.

घास भरवताना बोचाबेरीचे ओठ राखेसारखे झाले होते. तिनं गिळलं नाही. खाटेवर घालून तिला उतारावरून नेलं, पण गाडी निघून गेली होती. सडक येण्याआधीच बोचाबेरी गेली.

सुनेच्या माहेरचे लोक मातीला आले, पण गेसारेच्या घरचं पाणी प्यायले नाहीत. 

नात आता रांगते. चिन्सागा अजून उगवते, मडकंही चढतं. परवा मी तिथं बसले असताना खालच्या वाडीतला न्याक्वारा बाळंत बायकोसाठी भाजी मागायला आला.

"रक्त थांबलंय?" गेसारेनं विचारलं.

"ते बायकांचं. मला काय ठाऊक, मोंगिना?" थोरल्या बाईला मारायची मानाची हाक मारत तो म्हणाला.

"मग भाजी नाही. तिला आधी दवाखान्यात ने."

"अहो, समोर वाफ दिसतेय की. एवढा चिक्कूपणा बरा नव्हे."

गेसारे उठली. मडकं उचलून तिनं त्याच्यादेखत अंगणात उपडं केलं.

"आता नाही दिसत," ती म्हणाली. "जा, पळ."