बिबट्यासमोर जेवणाची प्रार्थना

आजचं आजच लिहितोय.

आज सकाळी आईला मोटरसायकलवर मागे बसवून म्हसावदला निघालो होतो. उसातून बिबट्या आला आणि रस्त्यातच उभा राहिला. मी ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली.

आईने माझा शर्ट घट्ट धरला. "पोरा, प्रार्थना कर!"

रोज ताटावर बसल्यावर घाईघाईत जी म्हणतो, तेवढीच तोंडातून निघाली, "प्रभू, या अन्नासाठी तुझे आभार..."

"अरे मेल्या, त्याचं जेवण आपण शे का?" आई रडत अहिराणीत ओरडली.

बिबट्या उसात परत गेला. उद्या पुन्हा त्याच रस्त्याने जायचंय, आणि मला अजूनही दुसरी प्रार्थना सुचत नाहीये.

तुम्ही आज देवाशी काय बोललात, जेवणाआधीचं सोडून?